दाराबाहेर उभा राहिलेला दादा

दादा,

त्या दिवशी तुझ्या अंगावर घालायला नवी शाल हवी होती. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "घरात असेलच की एखादी. साहेबांचे सत्कार काय कमी झाले?" अमोलने तुझं कपाट उघडलं आणि अगदी वरच्या फळीवरून लाल काठांची एक शाल ओढून काढली. अजून प्लास्टिकच्या पिशवीत होती, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. वहिनी तोवर भिंतीला टेकून बसली होती. ती शाल बघितल्याबरोबर तिने मान वर केली आणि म्हणाली, "ती नको. त्यांनी सांगून ठेवलंय."

आपल्या बापाने असं काय सांगून ठेवलं असेल, ते अमोलला कळलं नाही. मला कळलं. मीच खाली गेले, चौकातल्या दुकानातून साधी पांढरी शाल आणली आणि तू त्या शालीत गेलास.

त्या लाल काठांच्या शालीवरून आपण किती वर्षं भांडलो! तू ती एकदाही अंगावर घेतली नव्हतीस, हे मात्र मला माहीत नव्हतं. सांगितलं असतंस तर निदान एखाद्या दिवाळीला मी जरा कमी बोलले असते. पण तुला कधी कुणाला काही सांगायचं असे? पोलिसात गेल्यावर तोंडाला कुलूप लागलं असं आई म्हणायची. माझ्या मते ते आधीपासूनच होतं, खात्याने फक्त किल्ली जमा करून घेतली.

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. पेपरात तुझ्याबद्दल चार ओळी आल्या, त्यातल्या दोन त्या खटल्याबद्दल. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी, बदल्या, यातलं मी काही लिहिणार नाही, ते सगळं तुझ्या पेन्शनच्या कागदांत आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, तेवढंच मला बोलायचंय. वाद रंगात आला की पाणी प्यायला म्हणून उठायचं आणि परत यायचंच नाही, ही तुझी जुनी सवय. या वेळीही तेच केलंस.

चाळीतलं आपलं घर आठवतं? दोन खोल्या, मधे एक दार. तुझं गणित आणि बाबांचा पट्टा. बाबा तसे वाईट नव्हते, असं आपण दोघंही जन्मभर म्हणत आलो. पण प्रगतिपुस्तक आलं की ते तुला आतल्या खोलीत न्यायचे आणि कडी लावायचे. आई ओट्याकडे तोंड करून उभी राहायची. मी पहिलीत नाहीतर दुसरीत असेन. मी जेवायचा पाट उचलायची आणि त्या दारावर आपटायची. ओरडायची नाही, रडायची नाही, नुसती धडाधड आपटत राहायची. मग चाळीतली दारं उघडायची, कुणीतरी "काय चाललंय हो?" म्हणून डोकवायचं आणि बाबा शरमेने कडी काढायचे.

एकदा तू असाच बाहेर आलास, डोळे लाल, दंडावर वळ, आणि माझ्या कानाशी वाकून म्हणालास, "पुढच्या वेळी जरा आधी वाजव ना गं."

तेव्हापासून मी तुझी वकिलीणबाई. दर भाऊबीजेला ओवाळून झालं की तू ही गोष्ट सगळ्यांना सांगायचास, पाट किती जड होता आणि मी केवढीशी होते ते हाताने दाखवून. माझ्या लग्नात व्याह्यांना सांगितलीस, अमोलच्या मुंजीत भटजींना सांगितलीस. गोष्टीतला पट्टा दर वर्षी लहान होत गेला आणि पाट मोठा.

तो पट्टा कायमचा खुंटीला गेला तो मात्र माझ्यामुळे नाही, आठल्येबाईंमुळे. शाळा सुटल्यावर त्यांनी तुला वर्गात थांबवून घेतलं, रोज, पैशाची अपेक्षा न ठेवता. तुझं त्रैराशिक सुधारलं त्याचं मला फार कौतुक नाही. त्यांनी बाबांना शाळेत बोलावून घेतलं त्याचं आहे. काय बोलल्या कुणास ठाऊक, पण बाबा घरी आले आणि तुला म्हणाले, "जा, खेळायला जा." पुढे मी त्याच शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा बाई माझ्या सहकारी झाल्या. शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारची खुर्ची त्यांची. तुझी चौकशी रोज. "काय म्हणतोय आमचा फौजदार? हिशेब तरी नीट लिहितो का रोजनाम्यात?"

म्हणून बाईंचा खून झाला तेव्हा तुला काय झालं असेल, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मलाही तेच झालं होतं.

तुझ्या नोकरीची ती शेवटची वर्षं. बाई एकट्याच राहायच्या, मुलगा परदेशात. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली, दार नुसतंच लोटलेलं होतं. हातातल्या बांगड्या गेलेल्या. अख्खी डोंबिवली हादरली, कारण अर्ध्या डोंबिवलीला बाईंनी गणित शिकवलं होतं. पोलीस काय करतायत म्हणून मोर्चा निघाला, त्यात माझे विद्यार्थी होते, मी होते. तपास तुझ्याकडे आला आणि तू आठवडाभरात नरेशला धरलंस. कोपर गावचा प्लंबर. आदल्या दिवशी त्याने बाईंच्या न्हाणीघरातला नळ बदलला होता.

मग तू त्याची धिंड काढलीस. तू म्हणायचास, धिंड नव्हे, घटनास्थळाची पाहणी. पाहणीला माणसाला दोर बांधून, अनवाणी, भर बाजारातून चालवत नेतात का रे? भाजी घेणाऱ्या बायका त्याला शिव्या देत होत्या, पोरं मोबाइल उंच धरून पळत होती, कुणीतरी पेढे वाटत होतं. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत तो मधे, खाली मान, एक डोळा सुजलेला, आणि पुढे तू, कडक इस्त्री आणि चकाचक बूट. त्या बुटांना तू कधी वहिनीला हात लावू दिला नाहीस. रविवारी सकाळी गॅलरीत पेपर पसरायचा, ब्रश घ्यायचा आणि पूजेला बसल्यासारखं पॉलिशला बसायचं. रिटायर झाल्यावरही सोसायटीच्या झेंडावंदनाला तेच बूट. माणसाची इज्जत बुटात दिसते म्हणायचास.

धिंडीनंतरच्या रविवारीच मंडळाने तुझा सत्कार केला. आरोपपत्र नाही, खटला नाही, साक्षीपुरावे नाहीत, आणि आपल्याकडे शाल-श्रीफळ तयार! आपल्या गावाला सत्काराचा भारी हव्यास. दहावी पास झालं तरी सत्कार, परदेशी गेलं तरी सत्कार, परत आलं तरी सत्कार. पण खटल्याआधीच निकाल लावून त्याचा सत्कार करायचा, हे डोक्यात येणारी माणसं फक्त आपलीच. तू स्टेजवर हात जोडून उभा होतास. मी पहिल्या रांगेत होते आणि टाळ्या वाजवत नव्हते, ते तू पाहिलंस.

वहिनीने त्या नारळाच्या वड्या केल्या. मी आले तशी ताटली पुढे केली.

"मला नकोत," मी म्हटलं.

"का गं, उपास आहे?" तू विचारलंस.

"त्या पोराचा डोळा कसा सुजला?"

"पडला असेल."

"कुठे?"

"शुभे, बाईंना कसं मारलं होतं ते तू पाहिलं नाहीस. मी पाहिलंय."

"म्हणूनच विचारतेय. बाईंना कुणी मारलं ते मला खरंखरं कळायला हवंय."

"कळलंय. त्याने बांगड्या काढून दाखवल्या. आणखी काय पाहिजे? लोकांना वाटलं पाहिजे ना, गावात पोलीस आहेत म्हणून! तू खडू-फळ्यातली बाई, तुला यातलं काय कळणार!"

मी पर्स उचलून निघाले. वहिनी जिन्यापर्यंत मागे आली आणि डब्यात घातलेल्या वड्या माझ्या हातात कोंबल्या. त्या मी खाल्ल्या. राग तुझ्यावर होता, वहिनीच्या हातावर नव्हता.

तुला वाटायचं मी नरेशची बाजू घेते. मी कधीच त्याची बाजू घेतली नाही, दादा. माझी बाजू बाईंची होती. नरेशनेच केलं असेल असं मला पुष्कळदा वाटायचं. नळ बदलताना त्याने घर पाहिलं असणार, बांगड्या पाहिल्या असणार. कधी वाटायचं, एवढं करून कोणी दुसऱ्या दिवशी आपल्याच कामावर हजर राहील का? माझं मन कुठेच ठरत नव्हतं. तुझं ठरलं होतं आणि मला त्याचीच भीती वाटत होती.

पुढची काही वर्षं तो तुरुंगात, तू रिटायर, आणि खटला कल्याणच्या कोर्टात तारखेमागून तारखा खात राहिला. मग निकाल लागला. सुटला. बांगड्या त्याने आपणहून दाखवल्या की त्याच्याकडून दाखवून घेतल्या, हे सांगता येत नाही, असं न्यायाधीश म्हणाले. अंगावरच्या मारहाणीच्या खुणांचा पोलिसांनी धड खुलासा केला नाही, असंही म्हणाले. संशयाचा फायदा.

आणि मग गावाला कंठ फुटला. माझ्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांमधून मारामाऱ्या सुरू झाल्या. "कोर्टाने सोडला म्हणजे काय धुतल्या तांदळाचा झाला?" "चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!" "पोलिसांना कुणीतरी दाखवायचाच होता." "अशांना कोर्टात न्यायचंच कशाला? जागच्या जागी संपवायचं." हे शेवटचं लिहिणारा मुलगा माझ्या वर्गात शुद्धलेखनात पहिला असायचा. टीव्हीवाले शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. ज्या मंडळाने तुला शाल दिली होती, त्याचाच अध्यक्ष कॅमेऱ्यासमोर म्हणाला, "आमचा पोलिसांच्या कार्यपद्धतीवर पहिल्यापासून आक्षेप होता." मला हसू आलं आणि लगेच तुझी आठवण झाली. मी फोन केला, तू उचलला नाहीस.

तू सकाळचं फिरायला जाणं बंद केलंस. कट्ट्यावरची तुझी जागा रिकामी राहायला लागली. ज्यांना तू निर्दयी वाटत होतास ते तुझ्याकडे बघायचे नाहीत, आणि ज्यांना तू वाघ वाटत होतास ते पाठीवर थाप मारून "साहेब, तेव्हाच उडवायला पाहिजे होता" म्हणायचे. तुला जास्त त्रास दुसऱ्यांचाच होतो, असं वहिनी मला म्हणाली.

एका संस्थेने या निकालावर हॉलमध्ये चर्चा ठेवली. आपल्याकडे कशावरही चर्चा ठेवतात आणि चहा असला की लोक येतात. एक वकील, एक पत्रकार, एक निवृत्त अधिकारी. तासभर सगळे एकमेकांना "आदरणीय" म्हणत भांडले. मग श्रोत्यांतून कुणाला बोलायचंय का विचारलं. मी उठले. शेवटच्या रांगेत, दाराजवळ तू बसला होतास, ते मला उठल्यावरच दिसलं. तोपर्यंत माइक हातात आला होता.

मी म्हटलं, "मी आठल्येबाईंची सहकारी. आणि तपास करणाऱ्या साहेबांची बहीण." हॉलमधली कुजबुज थांबली. "तो माणूस दोषी आहे की नाही, हे मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. मला एवढंच कळतं, की त्याने केलं असेल तर त्याला मारल्यामुळे तो सुटला. त्याने केलं नसेल तर त्याला धरून बसल्यामुळे दुसरा सुटला, कारण दुसऱ्याला कुणी शोधलंच नाही. कुठूनही मांडा, बाईंना मारणारा सुटलेला आहे. बाई असत्या तर त्यांनाही या गणिताचं दुसरं उत्तर आलं नसतं."

मी खाली बसले. मागे वळून बघायचा धीर झाला नाही.

तू बाहेर थांबला होतास. आपण रिक्षास्टँडपर्यंत चालत गेलो. एमआयडीसीकडून तो नेहमीचा आंबूस वास येत होता आणि तू नेहमीप्रमाणे नाकाला रुमाल लावला होतास.  मग म्हणालास, "चांगली उलटतपासणी घेतलीस."

"तू येणार हे माहीत असतं तर..."

"तर काय, बोलली नसतीस?"

"बोलले असते. आधी तुला सांगितलं असतं."

तू हसलास. तेवढ्यात मी विचारून टाकलं, जे इतकी वर्षं सरळ कधी विचारलं नव्हतं. "दादा, तू मारलंस का त्याला?"

तू थांबलास. रुमाल खाली घेतलास, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "मी त्याला हात लावलेला नाही. आईशप्पथ." लहानपणी म्हणायचास तसंच. मग लगेच, "ती बघ शेअर रिक्षा, एक सीट आहे. बस."

मी बसले. तू खोटं बोलत नव्हतास हे मला कळत होतं. तुझं खोटं मला लहानपणापासून ओळखू येतं, खोटं बोलताना तू कान खाजवतोस. तेव्हा खाजवला नाहीस. घरी येईपर्यंत मला इतकं हलकं वाटत होतं, की रिक्षातून उतरून मी जिलेबी घेतली आणि एकटीने खाल्ली. त्यानंतर मी तुला पुन्हा विचारलं नाही. बाकी सगळ्यावर भांडत राहिले, धिंडीवर, सत्कारावर, त्या दोरावर. पण तो एक प्रश्न माझ्यापुरता मिटला होता.

तुझ्याबद्दल लिहायचं आणि फक्त हेच लिहायचं, हा अन्याय होईल. आमचे हे आजारी होते तेव्हा ठाण्याच्या हॉस्पिटलात तू किती सकाळी आलास! रात्रपाळी करून, तसाच, हातात वहिनीचा डबा. मला घरी पिटाळायचास, "जा, आंघोळ करून ये, मी आहे." हे गेल्यावर मी वर्षभर बाहेर पडत नव्हते, तर तू कुणाची तरी जुनी स्कूटर घेऊन आलास आणि पन्नाशीला आलेल्या बहिणीला मैदानावर शिकवायला लागलास. मागे धावायचास आणि ओरडायचास, "ब्रेक! ब्रेक म्हणजे हॉर्न नव्हे!" पोरं क्रिकेट थांबवून बघायची. मी त्या स्कूटरवर पुढे दहा वर्षं शाळेत गेले. माझ्या आयुष्यात "मी आहे" असं तोंडाने म्हणून खरोखर असणारा माणूस तू एकच होतास.

शेवटचा फोनही तूच केलास. "शुभे, लोणच्याची बरणी घेऊन जा, किती दिवस झाले इथेच पडलीय. आणि जरा बोलायचंय."

"मग आत्ता बोल की."

"फोनवर नको. शनिवारी ये."

मी हो म्हटलं. तू शनिवारपर्यंत थांबला नाहीस. काय बोलायचं होतं, याचा मी पहिले काही दिवस विचार करत होते. कधी वाटायचं, अमोलच्या फ्लॅटचं असेल. कधी वाटायचं, नुसतं बरणीचंच असेल.

दादा, तुझे दिवस चालू होते तेव्हा नरेश आला.

सकाळची वेळ. वहिनी आत पडली होती, अमोल भटजींकडे गेला होता. बेल वाजली, मी दार उघडलं. बाहेर एक किडकिडीत माणूस, चाळिशीचा असेल, पण केस पांढरे. म्हणाला, "मी नरेश. कोपरचा."

फोटोतला चेहरा सुजलेला होता, त्यामुळे मी ओळखलं नसतं. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. मी भ्याले नाही, एवढं खरं. "ये," म्हटलं. त्याने चपला काढल्या आणि दाराजवळच्या मांडणीपाशी ठेवायला वाकला. तिथे तुझे बूट होते. तो वाकलेलाच राहिला, मग चपला बुटांपासून लांब, पार जिन्याच्या कडेला ठेवून आत आला.

खुर्चीवर बसला नाही, सतरंजीवर बसला. तुझ्या फोटोकडे बघत म्हणाला, "मना कालच समजला. आई वारली तवा साहेब आलेले आमचे घरा. म्हनून मी आलो."

हे मला ठाऊक नव्हतं. वहिनीलाही नव्हतं. "साहेब? तुमच्याकडे?"

"हा. गेले साली. दारानच उभे रायले. मी बोललो, आत या. आले नाय. हात जोडले नि गेले."

समाचाराला येऊन गेलेल्या माणसाच्या घरी आपण समाचाराला जायचं, एवढी रीत पाळायला तो आला होता. टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगांमध्ये त्याला पुन्हा काम मिळतंय म्हणाला. गाववाले अजून घरात घेत नाहीत, टिटवाळ्याला कुणी ओळखत नाही म्हणून बरं. मी पाणी दिलं. ते त्याने घेतलं. माझ्या जिभेवर एकच प्रश्न होता, बाईंना तू मारलंस का. मी तो विचारणार, तेवढ्यात तो दाराकडे हात करून म्हणाला, "ते बूट साहेबांचेच ना?"

"हो."

"ताई, लोक काय काय बोलतात. पन साहेबांनी मना मारला नाय. कदीच हात नाय लावला. मारनारे दुसरे व्हते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, दादा. मला वाटलं, तू जिथे असशील तिथे हे ऐक. रिक्षास्टँडवर शपथ घेतली होतीस ती खरी होती.

तो पुढे बोलत होता, अगदी शांत, नळाला वायसर कसा बसवतात ते सांगावं तसा. "साहेब दार लावून घ्याचे नि भायेर उभे रहाचे. दाराखाली फट व्हती. मी खाली पडलेला असाचो, मना त्यांचे बूट दिसाचे. मी त्या बुटांकडंच बघत रहाचो. वाटाचा, आता साहेब आत येतील नि बोलतील, बस करा. कदी कदी बूट हलाचे. परत थांबाचे."

 पाण्याचा पेला त्याने कोपऱ्यात सरकवून ठेवला. उठताना म्हणाला, "बाईंनी मना चहा दिलेला त्या दिवशी. नळाचा काम झाल्यावर." एवढंच. तो खरं सांगत होता की खोटं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. त्याचे कान मला ओळखीचे नाहीत. सुतकाच्या घरातून निघताना "येतो" म्हणत नाहीत, तसा तो काही न म्हणता निघाला आणि मीही "या" म्हटलं नाही.

वहिनी आतल्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.  तिने त्याचा पेला उचलला, विसळला आणि इतर पेल्यांत पालथा घातला.

तुझे बूट अजून मांडणीवर आहेत. पॉलिश होत नाही, धूळ धरायला लागलेत. अमोल म्हणतो कुणाला तरी देऊन टाकू. मी म्हटलं, थोडे दिवस राहू दे.

शनिवारी मला काय सांगणार होतास ते आता कळलंय असं वाटतं. आणि मी तुला इतकी वर्षं चुकीचा प्रश्न विचारत होते, हेही कळलंय. हात उचललास का, विचारत होते. तू नाही म्हणत होतास आणि ते खरं होतं. बाईंवर तुझी माया होती हेही खरं. त्यांना मारणारा सापडावा म्हणून तू तडफडत होतास हेही खरं. तुझ्यावरचा माझा जीव कमी झालेला नाही. काल आमरस केला तर तुझी वाटी वेगळी काढली गेली आणि मग मी ओट्याशीच रडत बसले.

पण तू त्या खोलीच्या आत राहून आलेला होतास ना रे? कडी लागल्यावर आत काय होतं, हे आपल्या घरात तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दाराबाहेर आपलं कुणीतरी आहे आणि ते आता वाजवेल, या एका आशेवर तू तिथे किती वेळ काढला होतास. जरा आधी वाजव ना गं, म्हणाला होतास मला. मी केवढीशी होते, मला पाट उचलायला लागायचा. तुझ्या तर नुसत्या एका शब्दाने ते दार उघडलं असतं.

बूट हलले होते, दादा. मग तू दार का नाही वाजवलंस?